परदेशी पिचिंग कोर्सची फी भरावी का? मुलांसाठी मराठीत लिहिणाऱ्या शिक्षिकेला उत्तर

प्रश्न असा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने मुलांसाठी मराठीत दहा-बारा गोष्टी लिहिल्या आहेत. एका अमेरिकी ऑनलाइन कोर्सची जाहिरात त्यांच्या बघण्यात आली. काही आठवडे झूमवर वर्ग आणि शेवटी एका साहित्यिक एजंटसमोर आपलं पुस्तक मांडायची, म्हणजे ‘पिच’ करायची संधी. फी डॉलरमध्ये. ती भरावी का, आणि मराठीत अशी संधी कुठे असते, हे त्यांना जाणून घ्यायचंय. सोबत एक गोष्टही वाचायला पाठवली आहे.

ताई, पिचच्या आशेने ही फी भरू नका. तुमच्या गोष्टींना एजंटची गरजच नाही. शिकण्यासाठी पैसे खर्च करायचे असतील तर ते वेगळं, पण त्यातलंही बरंच काही फुकट मिळतं. आधी ही पिचची भानगड काय आहे ते सांगते.

अमेरिकेत बहुतेक मोठे प्रकाशक लेखकाने थेट पाठवलेलं हस्तलिखित वाचत नाहीत. मध्ये एजंट लागतो, तो लेखकाच्या कमाईतले साधारण १५ टक्के घेतो. त्या एजंटने आपल्याकडे बघावं म्हणून तिथले हजारो लेखक धडपडत असतात, आणि त्या धडपडीभोवती कोर्स, वेबिनार, पैसे भरून अभिप्राय असा मोठा व्यवसाय उभा राहिला आहे. ट्विटरवर ठरलेल्या दिवशी आपलं पुस्तक एका ट्वीटमध्ये मांडायचं, असे उपक्रमही चालायचे. त्यातला सगळ्यात गाजलेला ‘पिटमॅड’ २०२२ मध्ये बंद झाला. ही सगळी यंत्रणा इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी आहे. तुमची मराठी गोष्ट समोरच्या एजंटला वाचताच येणार नाही. तुम्ही अनुवाद करून दिलात तरी ‘आणखी काय लिहिलंय?’ हा त्याचा पुढचा प्रश्न असतो, कारण तो एका पुस्तकासाठी लेखक घेत नाही. तीन-चार हस्तलिखितं इंग्रजीत तयार हवीत. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहून इंग्रजीत लिहिणारी मराठी आई असेल तर तिला मी हा रस्ता जरूर सांगेन. तुम्हाला नाही.

मराठीत एजंट ही जमात जवळपास नाहीच. तुमचा मजकूर थेट संपादकाच्या टेबलावर पोचतो आणि बहुतेक वेळा तोच संपादक तो वाचतो. अमेरिकेतला नवा लेखक ज्या दारापर्यंत पोचायला वर्षं घालवतो, ते दार तुमच्यासाठी एका ईमेलवर आहे. म्हणून पिच कसं करायचं याच्या आधी काय पाठवायचं, यावर वेळ घाला.

शिकण्याबद्दल. परदेशी उपक्रमांतले दोन-तीन खरंच उपयोगाचे आहेत. तारा लेझर या अमेरिकी लेखिकेने २००९ मध्ये एक आव्हान सुरू केलं, त्याला आता ‘स्टोरीस्टॉर्म’ म्हणतात. महिनाभर रोज एक, अशा गोष्टींच्या ३० कल्पना टिपायच्या. पूर्वी ते नोव्हेंबरात असायचं, नंतर जानेवारीत आलं. पैसे लागत नाहीत आणि कल्पना कुठल्याही भाषेत टिपा, कोणी बघत नाही. शिक्षकांना हे विशेष जमतं, कारण वर्गात रोज काहीतरी घडतंच. ‘ट्वेल्व्ह बाय ट्वेल्व्ह’ नावाचा दुसरा उपक्रम वर्षभरात बारा चित्रपुस्तकांचे कच्चे मसुदे लिहून घेतो. तो सशुल्क आहे, आणि त्याच्या महागड्या सदस्यत्वात एजंटना हस्तलिखित पाठवायची सोय असते, जी तुम्हाला लागू नाही. बालसाहित्यिक आणि चित्रकारांची एससीबीडब्ल्यूआय ही संस्था १९७१ पासून आहे, भारतातही तिची शाखा आहे, आणि एकही पुस्तक आलेलं नसलं तरी सदस्य होता येतं. इंग्रजी ऐकायची सवय असेल तर तिचे वेबिनार चांगले असतात. फक्त वेळ बघा. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळी सातला सुरू होणारा वर्ग आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचार-साडेपाचला असतो. नंतर रेकॉर्डिंग मिळणार की नाही, हे पैसे भरायच्या आधी विचारा.

या सगळ्या वर्गांतून घेण्यासारखी मुख्य गोष्ट एकच असते: पान उलटणं. चित्रपुस्तकाचा लेखक पानांच्या जोडीत, म्हणजे पुस्तक उघडल्यावर समोरासमोर येणाऱ्या दोन पानांत, विचार करतो. तिकडे पुस्तक साधारण ३२ पानांचं ठरलेलं, कारण छापखान्यात कागद घडीत छापला जातो आणि पानं आठाच्या किंवा सोळाच्या पटीत येतात. आपल्याकडेही फर्म्याचा, म्हणजे घडी घालायच्या त्या छापील कागदाचा, हिशोब तोच, पण रंगीत छपाईचा खर्च आणि किंमत कमी ठेवायची गरज, यामुळे मराठी चित्रपुस्तक बरेचदा १६ किंवा २४ पानांचं असतं. सहा कोरे ए-फोर कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडा आणि घडीवर दोन पिना मारा. २४ पानांची डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, तयार झाली. पहिलं पान मुखपृष्ठानंतरचं शीर्षकाचं, दुसरं श्रेयनामावलीचं आणि शेवटचं एखादं रिकामं सोडा. उरलेल्या पानांत गोष्ट पेन्सिलीने लिहा. चित्र काढता येत नसेल तर चौकोन काढून आत ‘इथे शेळी’ एवढं लिहिलं तरी चालतं.

तुमच्या गोष्टीवरच हे करून दाखवते. तुम्ही सुरुवात अशी केली आहे: “एके दिवशी सकाळी चिंगी लवकर उठली. तिने आपला लाल फ्रॉक घातला. ती धावत धावत अंगणात गेली. पाहते तर काय, खुंट्याला बांधलेली पांढरी शेळी तिथे नव्हती. चिंगीला खूप वाईट वाटले. तिने शेळीला सगळीकडे शोधले.”

आता यातलं चित्रकार काय दाखवणार ते वेगळं काढू. सकाळ, लाल फ्रॉक, अंगण, शेळीचा पांढरा रंग, चिंगीचं पडलेलं तोंड, हे सगळं चित्रात येईल. शब्दांसाठी उरतं ते चित्रात न दिसणारं. मग पहिल्या जोडपानावर एवढंच राहतं:

“दावं होतं. खुंटा होता. शेळी नव्हती.”

‘सगळीकडे शोधले’ हे तुम्ही एका वाक्यात संपवलंत, आणि खरी गंमत तर तिथेच आहे. कुठे शोधलं? ट्रंकेत? चुलीमागे? मुलांना माहीत असतं की शेळी ट्रंकेत मावत नाही, म्हणून ती आधीच हसायला लागतात. प्रत्येक जागेला एक जोडपान द्या. दर वेळी एकच ओळ परत येऊ द्या, “दावं आहे, शेळी नाही.” शेवटची जागा माळा. उजव्या पानावर: “चिंगी म्हणाली, शेळी माळ्यावर कशी चढेल? तेवढ्यात वरून आवाज आला...” आणि इथे थांबा. पुढचा शब्द पान उलटल्यावर: “बेंऽऽ!”

ही तुमचीच गोष्ट आहे, मी फक्त ती पानांवर मांडली. शब्द निम्म्याहून कमी झाले आणि वर्गातली तीस मुलं ‘दावं आहे’ म्हटलं की ‘शेळी नाही’ ओरडायला तयार झाली. शेवटी तुम्ही जोडलेला ‘म्हणून प्राण्यांवर प्रेम करावे’ हा परिच्छेद मी काढून टाकला आहे. शेळी सापडल्यावर चिंगी तिच्या गळ्यात पडते, त्यातून मुलांना सगळं कळतं. मराठी बालसाहित्याच्या मागे तात्पर्याची सवय फार जुनी आहे आणि शिक्षकांच्या लिखाणात ती हटकून येते. मजकूर पाठवण्याआधी शेवटचे चार-पाच ओळींचे परिच्छेद झाकून गोष्ट वाचत जा.

परदेशी वर्गांतलं काही मात्र तिथेच सोडून द्यायचं. यमकावरचे वर्ग पहिले. इंग्रजी पद्य आघातावर चालतं, आपलं मात्रांवर आणि ठेक्यावर. त्यांचे नियम लावून लिहिलेलं मराठी बडबडगीत कानाला लंगडं लागतं. टाळी वाजवत म्हणा आणि दुसऱ्या कोणाला कागद देऊन पहिल्यांदाच म्हणायला सांगा. जिथे तो अडखळतो तिथे मात्रा कमी-जास्त झाली आहे, मग यमक कितीही घट्ट असो. दुसरं, तिथल्या चित्रपुस्तकात गृहीत धरलेला वाचक म्हणजे झोपताना आईच्या किंवा बाबांच्या कुशीतलं एक मूल. आपल्याकडे अशी घरं आहेतच, पण पुस्तक बहुतेक वेळा शाळेच्या वाचनपेटीतून निघतं. एक शिक्षिका ते उभं धरते आणि पाठच्या रांगेतल्या मुलाला चित्र नीट दिसत नसतं. अशा वाचनात परत येणारी ओळ, आवाज आणि मुलांना मध्ये बोलायला जागा या गोष्टींना फार महत्त्व येतं. तुम्ही रोज तेच करता, त्यामुळे तुम्हाला जे ठाऊक आहे ते झूमवरच्या शिक्षकाला नाही. आणि तुमच्या भागातली बोली संवादांतून काढून टाकू नका. ‘कुठं गेलतीस’ हे चिंगीच्या तोंडी चांगलं शोभतं.

वाचनासाठी तीन ठिकाणं सुचवते, तिन्ही ऑनलाइन आणि फुकट. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर ठेवले आहेत. सत्तरच्या दशकातले काही अंक आणि अलीकडचे काही अंक शेजारी ठेवून वाचा. वाक्यं किती आखूड झाली, विषय कुठे सरकले, ते कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त कळेल. दुसरं, खेळणीवाले अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ. तिथे जगभरातली बालपुस्तकं मराठी, हिंदी आणि इंग्रजीत मोठ्या संख्येने मिळतात. तिसरं ‘स्टोरीवीव्हर’, बंगळुरूच्या प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेलं. तिथे मराठी गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या आहेत: पहिली पातळी २५० शब्दांच्या आतली, दुसरी साधारण ६०० पर्यंत, तिसरी १५०० पर्यंत आणि चौथी त्याहून मोठी. पहिलीच्या वर्गासाठी म्हणून लिहिलेली तुमची एक गोष्ट ९०० शब्दांची आहे, हे मोजून बघाल तेव्हा काय कापायचं ते आपोआप दिसेल.

स्टोरीवीव्हरवर अजून एक काम करता येतं आणि मी ते प्रत्येक नव्या लेखकाला करायला लावते. एखादी इंग्रजी किंवा हिंदी गोष्ट घ्या आणि तिथेच मराठीत आणा. चित्रं आणि पानं ठरलेली असतात, तुमच्या हातात फक्त शब्द. वाक्य चित्राखालच्या जागेत बसवायचं, मोठ्याने वाचून बघायचं, पुस्तकी वाटलं तर बदलायचं. असे पाच-सहा अनुवाद झाले की स्वतःच्या गोष्टीतली फालतू वाक्यं लगेच डोळ्यात खुपायला लागतात. अनुवादक म्हणून तुमचं नावही छापून येतं.

पण तुमची सगळ्यात लाडकी गोष्ट तिथे टाकण्याआधी थांबा. तिथलं साहित्य मुक्त परवान्याखाली प्रकाशित होतं. तुमचं नाव देऊन कोणीही ते वापरू, छापू, विकू, बदलू शकतं, आणि एकदा दिलेला परवाना परत घेता येत नाही. मुलांपर्यंत पोचायचं असेल तर यासारखी दुसरी जागा नाही. तुमची गोष्ट तुम्हाला माहीत नसलेल्या भाषांत जाऊ शकते. पण एखाद्या प्रकाशकाला तीच गोष्ट फक्त आपल्याकडेच हवी असेल, तर तो मग ती घेणार नाही. म्हणून दोन-तीन गोष्टी तिथे द्या, शेळीची गोष्ट राखून ठेवा.

आता पाठवायचं कुठे. नव्या लेखकाने मासिकांपासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तिथे दर महिन्याला मजकूर लागतो आणि संपादकाला नवं नाव हवंच असतं. वाचत्या मुलांसाठी ‘किशोर’, ‘वयम्’, ‘छात्र प्रबोधन’, ‘निर्मळ रानवारा’. अगदी लहानांसाठी ‘चिकूपिकू’. साधना साप्ताहिक दिवाळीत मुलांसाठी वेगळा अंक काढतं. दैनिकांच्या पुरवण्यांतली मुलांची पानंही आहेत. आधी त्या-त्या मासिकाचे चार अंक वाचा, मग पाठवा; न वाचता पाठवलेलं पहिल्या परिच्छेदातच ओळखू येतं. दिवाळी अंकासाठी जून-जुलैत, आणि एरवी अंकाच्या दोन-तीन महिने आधी. पावसाची गोष्ट जुलैत पाठवली तर ती पुढच्या वर्षावर जाते.

चित्रपुस्तकासाठी ज्योत्स्ना प्रकाशनाची यादी नीट अभ्यासा. मराठीत चित्र आणि शब्द यांचा एकत्र विचार म्हणजे काय, ते तिथे दिसतं. चेन्नईचं तूलिका एकच चित्रपुस्तक नऊ भाषांत काढतं आणि त्यात मराठी आहे. भोपाळचं एकलव्य मुख्यतः हिंदीत आहे, पण त्यांची पुस्तकं बघितल्याशिवाय राहू नका. प्रकाशकाच्या संकेतस्थळावर हस्तलिखितांबद्दल काही लिहिलं आहे का ते बघा. तिथे ‘सध्या स्वीकारत नाही’ असं लिहिलं असेल तर ते खरं माना आणि काही महिन्यांनी परत बघा.

ईमेल कसा असावा? अमेरिकी कोर्समध्ये त्यावर दोन-दोन तास घालवतात. आपल्याला इतकं पुरतं:

“विषय: चित्रपुस्तकासाठी मजकूर, ‘दावं आहे, शेळी नाही’ (वय ४ ते ७, ३१० शब्द, २४ पानं)

स. न. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. चिंगीची शेळी दावं सोडून पळाली आहे. शेळी मावूच शकणार नाही अशा जागी चिंगी तिला शोधत जाते, आणि मुलांना मात्र शेळीची शेपटी प्रत्येक पानावर कुठेतरी दिसत असते. संपूर्ण मजकूर पानवार खाली दिला आहे आणि सोबत वर्ड फाईलही जोडली आहे. हा मजकूर आधी कुठेही प्रसिद्ध झालेला नाही. कळावे.”

बस. ‘मुलांवर संस्कार व्हावेत या उद्देशाने’ वगैरे काही नको. ‘माझ्या मुलीला फार आवडली’ हेही नको, ते प्रत्येक पत्रात असतं. शेपटीची ती ओळ मात्र ठेवा. शब्दांत नसलेलं आणि चित्रातच दिसणारं काहीतरी लेखकाने ठरवलं आहे, एवढ्यावरून संपादकाला कळतं की ही व्यक्ती पुस्तकाच्या बाजूने विचार करते आहे. पानवार मजकुरात अशा जागी कंसात एक छोटी सूचना द्या, पण प्रत्येक पानावर नको. चित्रकाराला त्याचं काम करू द्या. आणि कृपा करून ओळखीच्या कोणाकडून पैसे देऊन आधीच चित्रं काढून घेऊ नका. चित्रकार प्रकाशक ठरवतो. त्याला चित्रं आवडली नाहीत तर चांगली गोष्टही त्यांच्यासोबत परत येते.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या डीटीपी फॉन्टमधली फाईल समोरच्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चुराडा दिसतो. वहीच्या पानांचे व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवू नका. टाइप करायचा कंटाळा येत असेल तर फोनवर बोलून टाइप करा आणि नंतर ऱ्हस्व-दीर्घ तपासा. एकाच वेळी दोन प्रकाशकांकडे पाठवलं असेल तर पत्रात तसं लिहा, कोणी रागावत नाही. मासिकांकडे मात्र एका वेळी एकाच ठिकाणी. तीन महिने वाट बघा, मग एक आठवण करा. त्यानंतरही उत्तर नसेल तर पुढच्या ठिकाणी पाठवा. नकाराच्या पत्रात संपादकाने दोन ओळी जास्तीच्या लिहिल्या असतील तर त्या जपून ठेवा. वेळ नसताना कोणी उगाच लिहीत नाही.

पैशांचा विषय शेवटी घेते, कारण इथे नवे लेखक फार फसतात. ‘तुमची गोष्ट निवडली आहे, इतक्या प्रती तुम्ही विकत घ्या’ किंवा ‘छपाईचा अर्धा खर्च तुमचा’ असं कोणी म्हणालं की ती निवड नसते, तो छपाईचा धंदा आहे. स्वतःच्या हौसेने पुस्तक छापायला माझी काही हरकत नाही, पण मग सरळ छापखान्याकडे जाऊन दर विचारा. खरा प्रकाशक लेखकाला मानधन किंवा रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला ठरलेला वाटा, देतो. चित्रपुस्तकात ती लेखक आणि चित्रकार यांच्यात वाटली जाते, त्यामुळे आकडा लहान वाटला तरी आधी वाटणी विचारा.

आणि करार लेखी हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखीच करावे लागतात. त्यात कुठले हक्क, किती मोबदला, किती काळ आणि कुठल्या प्रदेशापुरते, हे लिहिलेलं असावं लागतं. काळ लिहिलेला नसेल तर तो पाच वर्षं धरला जातो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. घेतलेले हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरलेच नाहीत आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर तेवढे हक्क परत तुमच्याकडे येतात. गोष्ट लिहिली की कॉपीराइट तुमचा होतोच, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. ‘आधी नोंदणी करून देतो, अमुक रुपये भरा’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा. करारात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं वाक्य दिसलं तर सही करण्याआधी ते बदलून मागा. निदान दुसऱ्या भाषांतले अनुवाद, ऑडिओ आणि नाट्यरूपांतर यांच्यासाठी वेगळ्या ओळी लिहून घ्या. शेळीची गोष्ट वर्गात नाटक म्हणून करता येईल अशी आहे, तेव्हा नाटकाची ओळ विसरू नका.